कडेचा माणूस

१२ नोव्हेंबर, बुधवार

मकबऱ्यासमोर नाही म्हणजे नाही! किती वेळा सांगायचं? तरी कृष्णाचं एकच पालुपद – "वहिनी, मागं मकबरा लई भारी येतो." येतो ना. शहरातल्या प्रत्येक लग्नाळू जोडप्याच्या मागे येतो. ते फोटो मीच काढलेत. नवऱ्या मुलाने दोन बोटांच्या चिमटीत घुमट पकडलाय, हा फोटो आता मी झोपेतही काढू शकेन. बँडचा फोटो तिथे काढला तर लोक विचारतील, यातली नवरी कोणती?

शेवटी रिझवान म्हणाला, भाभी म्हणेल तिथे. मग विषय मिटला.

जानेवारीत शहरात नव्या बँड्सचा महोत्सव आहे. बँडने गाणी पाठवली आहेत, आता फोटो पाठवायचा. याच महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत. आमच्या बँडचं – म्हणजे गोकुळच्या बँडचं – नाव 'त्रेपन्नावा दरवाजा'. बावन्न दरवाजांच्या गावात एक यांचा! चौघं आहेत. रिझवान गिटार वाजवतो, चाली लावतो, बँड मुळात त्याचा. श्रेया गाते. कृष्णा की-बोर्डवर. आणि माझा नवरा, गोकुळ, संबळ आणि हलगी. गंगापूरकडच्या जत्रांमध्ये तयार झालेला हात आहे. गिटारच्या शेजारी तो संबळ वाजायला लागला की अंगावर काटा येतो. हे मी बायको म्हणून लिहीत नाही. बायको म्हणून माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत.

पहिली तक्रार – हल्ली बोलत नाही. सप्टेंबरात तापाने पडला होता, तेव्हापासून हा माणूस कुठेतरी दुसरीकडेच असतो. काही विचारलं तर अर्ध्या वेळा उत्तर नाही. आज भाजीला काय आणू म्हणून विचारलं, तर शून्यात बघत बसला. राग कसला आहे, ते तरी सांगावं ना!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेवताना जागेवरून भांडण. आम्ही दोघं खाली बसून जेवतो. तो खिडकीशी, मी त्याच्या डावीकडे, गॅसजवळ – म्हणजे पोळी आणायला उठायला बरं. गेले काही दिवस साहेब माझ्या जागेवर येऊन बसतात आणि मला खिडकीत ढकलतात. दर पोळीला मी त्याला वळसा घालून जायचं! आज म्हटलं, उठ, आपल्या जागेवर बस. काही न बोलता उठला आणि खाली मान घालून जेवला.

जागेसाठी कुणी असं तोंड पाडतं का? काहीतरी बिनसलंय. बँडमध्ये असेल. मला सांगणार नाही.

जागा ठरली – फोटोची. चिकलठाण्याला एक बंद पडलेला कारखाना आहे. गोकुळचे कडुबाकाका तिथे रखवालदार आहेत. लांबलचक विटांची भिंत, तिच्यावर पुसट झालेला निळा रंग. भिंत बघितली आणि जीव शांत झाला. तेवढ्यापुरता.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज फोटो काढले. राग अजून उतरलेला नाही.

सकाळी लवकर पोचलो. ऊन कोवळं होतं, भिंतीवर छान तिरपं पडलं होतं. कडुबाकाकांनी आवार झाडून ठेवलं होतं आणि स्वतःही इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, न जाणो एखाद्या फोटोत यावं लागलं तर! एकीकडे विमानतळाचं कुंपण, दुसरीकडे जालना रोड. मध्ये आम्ही.

मी लेन्स लावत होते तेव्हा रिझवान जवळ आला. बाकीचे लांब होते. अगदी हळू म्हणाला, "भाभी, गोकुल को किनारे पे रखना. उस साइड के किनारे पे." आणि विमानतळाच्या बाजूला हात केला.



याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार? इतकी वर्षं लग्नं काढतेय. घरच्यांचा एकत्र फोटो घ्यायची वेळ आली की कुणीतरी वडीलधारं हळूच कानाशी येतं. ज्या जावयाचं काही खरं नाही, त्याला कडेला घ्या. ज्या भावाशी शेतावरून कोर्टात चाललंय, त्याला कडेला घ्या. साखरपुड्यात तर मुलाकडचे आणि मुलीकडचे दोघंही सांगून जातात! फोटोवाल्याला कारण सांगावं लागत नाही. मधला माणूस फोटोतून काढता येत नाही. कडेचा येतो – एक फटका मारला की गेला, बाकीचे हसतच राहतात. मी स्वतः किती कापलेत.

तर यांना गोकुळला काढायचंय. आत्ता नाही – महोत्सवासाठी त्याचा संबळ हवा आहे. नंतर. फोटो मात्र तोच वापरायचा, परत काढायला नको!

आणि हे मला सांगतोय, त्याच्या बायकोला. वर "भाभी" म्हणून!

तिथे काही बोलले नाही. गोकुळला नेऊन बरोब्बर मध्ये उभा केला. संबळ कमरेला. एका बाजूला श्रेया, तिचा हात त्याच्या खांद्यावर. दुसऱ्या बाजूला रिझवानलाच उभा केला आणि गिटारचा दांडा संबळावरून आडवा आणला. आता कापून दाखव म्हटलं मनात. गोकुळला कापायचं तर गिटार अर्धी करावी लागेल.

रिझवान एकदा म्हणाला, भाभी, वो साइड – मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पण गोकुळ! त्याने मला आणखी पेटवलं. मान सरळ ठेवेना. प्रत्येक फोटोत तोंड एका बाजूला वळवलेलं, कुणी काही म्हणालं की वळलाच. गोकुळ, मान सरळ. गोकुळ, समोर. श्रेया तिकडून त्याला काहीतरी चेष्टेचं बोलली, सगळे हसले, हा ढिम्म. चेहऱ्यावर नुसता ताण. मी सगळ्यांदेखत ओरडले त्याच्यावर. मला वाटलं, याला कळलंय. बँडमधून काढणार आहेत हे कळलंय, म्हणून हसू येत नाही बिचाऱ्याला.

तेवढ्यात विमान आलं. कुंपणापलीकडून उठलं आणि थेट डोक्यावरून गेलं. माझं बोट बटणावरच होतं.

शेवटी नावापुरता एक फोटो रिझवान म्हणाला तसा घेतला, गोकुळला त्या कडेला उभं करून. रिझवान त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि गोकुळ खदखदून हसला. सकाळपासून पहिल्यांदा! इतकं वाईट वाटलं. ज्याच्या बोलण्यावर हसतोय, तोच याला कापायला निघालाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विमानाचा फोटो मोठा करून बघितला. असा फोटो माझ्याकडून पूर्वी कधी निघाला नव्हता आणि पुन्हा निघेल असं वाटत नाही. सगळ्यांची डोकी वर. श्रेयाचे केस उडालेत, कृष्णाचं तोंड उघडं, रिझवान डोळ्यांवर हात धरून विमानतळाकडे बघतोय. आणि गोकुळ – मधोमध – नेमका उलटीकडे, जालना रोडच्या आभाळाकडे बघतोय. तिथे काहीच नाही. चेहरा लहान मुलासारखा झालाय.

सगळं जग एकीकडे बघतंय आणि वाजवणारा भलतीकडेच. बँडचा फोटो याहून काय वेगळा असतो! कुणी शिकवून करवून घेतलं असतं तर जमलं नसतं.

हाच पाठवायचा. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. एका साखरपुड्याचं काम पडलंय, त्याला हात लावला नाही. उठते, पाणी पिते, परत तोच फोटो उघडते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी रिझवानच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. सराव तिथेच होतो. मी फोटो घेऊन गेले.

विमानाचा फोटो लावला आणि कृष्णा ओरडलाच. "हाच! गोक्या, तू कुठं बघायलास रे?" श्रेया हसून हसून खाली बसली. म्हणाली, पोस्टरच करून ठेवलं ताई तुम्ही.

रिझवान हसला नाही. म्हणाला, हा नको. मग कोणता? तो कडेचा. का? म्हणाला, बस, वही अच्छा है. गोकुळ उसमें हस रहा है.

कारण सांगेना. मी दोनदा विचारलं. मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "सरळ सांग ना रिझवान. गोकुळला कापायचंय म्हणून तो फोटो हवा आहे तुला. मी लग्नांचे फोटो काढते, मला कडेच्या माणसाचा अर्थ शिकवू नकोस."

श्रेया आणि कृष्णाची तोंडं बघण्यासारखी झाली. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे स्पष्ट होतं. रिझवानने गोकुळकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. गोकुळ संबळाची दोरी आवळत राहिला. आवळलेलीच दोरी, परत आवळत राहिला!

मग रिझवान मला एवढंच म्हणाला, "भाभी, आप को जो समझना है समझो."

नाही म्हणाला नाही. एकदाही नाही म्हणाला नाही. त्याच्या अम्मींनी – अमिनाखालांनी – सगळ्यांसाठी चहा वर पाठवला होता. तसाच राहिला. मी चप्पल घातली आणि निघाले. गोकुळ मागून आला आणि गाडीवर बसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गोकुळला म्हटलं, तुला काढायच्या आधी तूच सोड. मान ठेवून सोड.

"रिझवान तसा नाय."

मग कसा आहे? तर म्हणे, जाऊ दे. मी एवढी सगळ्यांशी वाईट झाले याच्यासाठी, आणि याचं काय – जाऊ दे! माझ्या बाजूने बोलायला मला माणूस नको आहे, पण समोर उभं राहून निदान एक वाक्य तरी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सराव झाला नाही. श्रेयाने ग्रुपवर लिहिणं बंद केलंय. कृष्णाचा फोन आला होता, बँड राह्यला का मोडला वहिनी? मला काय विचारतोस म्हटलं. पण मलाच विचारायला हवं होतं. मोडला असेल तर मी मोडलाय.

लग्नाच्या गडबडीतही लक्ष लागत नाही. काल वरमाला पडायचा क्षण हुकला. असं कधी झालं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उद्या शेवटची तारीख. कुणीच काही पाठवत नाहीये! इतक्या दिवसांची मेहनत, आणि सगळे रुसून बसलेत.

बँडचा ईमेल मीच उघडून दिला होता, मला येतो वापरता. पोळ्या करत होते, शेजारी कुकर शिट्ट्या देत होता. गोकुळ पलीकडे ओट्याला टेकून कांदा चिरत होता. त्याच्याकडे न बघताच म्हटलं, गोकुळ, विमानाचा फोटो पाठवून देऊ का? शेवटचं विचारतेय. नको असेल तर आत्ता सांग.

तो कांदा चिरत राहिला. नको म्हणाला नाही. मग मला काय समजायचं होतं?

हात धुतले आणि पाठवून टाकला. मध्येच उभा आहे माझा नवरा. कुणाच्या बापाला कापता येणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

निवड झाली!! वर महोत्सववाल्यांनी लिहिलंय, फोटो इतका आवडला की सगळ्या महोत्सवाच्याच पोस्टरवर तो घेतोय. माझा फोटो!

श्रेयाचा फोन आला, रडत होती आनंदाने. सराव परत सुरू. रिझवानने ग्रुपवर फक्त 'मुबारक' लिहिलं. गोकुळला सांगितलं. बरं झालं म्हणाला, आणि कोणता फोटो हे विचारलंच नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही, उगीच परत तोंड पाडायचा.

७ डिसेंबर, रविवार

पोस्टरं लागली. क्रांती चौकात एवढं मोठं, की श्रेयाचे केस माझ्या उंचीहून लांब. गोकुळला मुद्दाम गाडीवर बसवून घेऊन गेले. बघ म्हटलं.

त्याने बघितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. रंग उतरला. रस्त्यात, त्या सगळ्या हॉर्नच्या गोंगाटात, माणूस पांढरा पडला.

"हा कुणी पाठवला?"

मी. तुला विचारून.

"कधी विचारलं?"

म्हटलं, आपल्याच स्वयंपाकघरात! मी पोळ्या लाटत होते, तू कांदा चिरत होतास. नको असेल तर आत्ता सांग, इतकं स्पष्ट विचारलं होतं. तू गप्प बसलास. भांडणारच होते मी, पण तो भांडेना. नुसता पोस्टरकडे बघत राहिला – स्वतःच्याच तोंडाकडे. मग म्हणाला, "सगळ्या गावात लागले असतील." मी म्हटलं, लागले तर लागले, लपवण्यासारखं काय आहे त्यात? तो वळून गाडीवर जाऊन बसला.

इतक्या दिवसांचा माझा राग त्या चौकातच कुठेतरी पडला. त्याची जागा भीतीने घेतली. कसली भीती, ते मात्र कळेना.

घरी आलो तर कडुबाकाकांचा फोन. त्यांनी जालना रोडला पोस्टर बघितलं होतं. "पोरी, लई झ्याक काढलास गं फोटो. पर विमान तर कुंपणाकडनं आलं व्हतं. गोकुळ तिकडं सडकंकडं काय बघायलाय?"

हसून म्हटलं, काका, तीच तर गंमत आहे. फोन ठेवला. पण मला हसू येईना. सगळे फोटो परत उघडले. मध्ये उभा केलेल्या प्रत्येक फोटोत त्याची मान एकाच बाजूला वळलेली आहे. एकाच. मी मान सरळ कर म्हणून ओरडत होते, तेव्हाच्यासुद्धा. आणि कडेच्या त्या एकुलत्या फोटोत मान सरळ आहे आणि तो हसतोय.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा घेताना विचारलं, त्या दिवशी तू नक्की कुठे बघत होतास?

"विमानाकडं."

मी उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जरा मागे जाऊन उभी राहिले. हळूच नाव घेतलं. मग, खिडकीतून रस्त्याचा गोंगाट येत असताना, नेहमीच्या आवाजात घेतलं. तो बिस्किट बुडवत राहिला. समोर येऊन बसले, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

त्या तापात त्याचा डावा कान गेलाय. पूर्ण. परत येणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. रिझवानच घेऊन गेला होता, आणि कुणालाही सांगणार नाही, मलासुद्धा नाही, अशी शपथ घेऊन बसला होता. त्या कडेला उभं राहिलं की सगळे गोकुळच्या उजव्या कानाकडे येतात. ऐकू येतं, ताल जुळतो, हसता येतं. विमानही त्याने उजव्याच कानाने ऐकलं, म्हणून त्या बाजूला बघितलं; आणि तेच आता गावभर लागलंय. त्याला बँडमध्ये ठेवण्यासाठी होती ती कड. आणि मी रिझवानला सगळ्यांसमोर – आणि हा माझा नवरा दोरी आवळत ऐकत होता.

मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, "तू मग प्रत्येक फोटोत माझा कानच बघितला असतास."

खूप रडले. भांडलेही. दुपारी रिझवानकडे जाऊन आले. अमिनाखालांनी चहा दिला, तो आज संपवला.

जेवताना ताट उचललं आणि खिडकीत, त्याच्या उजवीकडे बसले. पोळी आणायला आता दर वेळी वळसा पडणार. अजून एक वाढू का, विचारलं. पहिल्याच वेळी म्हणाला, अर्धी.